सव्वासहाचं फूल

ती. स्व. अक्का,

शिरसाष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे साष्टांग आता कागदावरच जमतो.) तुझी कंबर कशी आहे, डोळ्यांत थेंब वेळेवर घालतेस का, जिना उतरताना कठडा धरतेस का, हे विचारायला अकरा वेळा फोन लावला. तू उचलला नाहीस. म्हणून हे पत्र. पाकिटासाठी तीन दुकानं पालथी घातली, तेव्हा कुठे एकाने माळ्यावरून काढून, धूळ झटकून दिलं.

आधी मुद्द्याचं सांगतो. आपल्या घरच्या ग्रुपमधून मी रागावून बाहेर पडलेलो नाही. भाची सांगते की तुझं म्हणणं असं : सव्वासहाला माझं सुप्रभातचं फूल आलं आणि सहा सतराला हा चालता झाला, आता यात समजायचं काय राहिलं? अगं, दिसतं तसंच, कबूल. (मी भाचीला एकदा म्हणालो होतो की आईला जरा फुलं आवरायला सांग. कार्टीने ते तिखटमीठ लावून पोचवलेलं दिसतंय.) पण झालं ते असं.

आदल्या दिवशी एका बाईंचा फोन. बाई बाहेर, दार बंद, आत गॅसवर दूध. म्हटलं, कुलपाचा फोटो पाठवा, त्याप्रमाणे हत्यारं घेतो. फोटो काही येईना. फोन म्हणे जागा संपली. मग नेहमीची पेटी उचलून धापा टाकत चौथा मजला गाठला, तर दाराला किल्लीचं भोकच नाही! नुसते आकडे, बोटाने दाबायचे. चाळीस वर्षं लोकांची कुलपं उघडतोय, आणि तिथे पेटी घेऊन नुसता उभा. शेवटी बाईंना आठवलं की आपण नवऱ्याची जन्मतारीख दाबतोय, कुलपाला ठेवलीय ती मुलाची. दार उघडलं, पातेलं कोळसा झालं होतं, आणि बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की जसं काही दूध मीच उतू घालवलं.

म्हणून दुसऱ्या दिवशी उठल्या उठल्या फोन साफ करायला बसलो. जागा खाल्ली कोणी? तुझ्या फुलांनी. चार हजार दोनशे आणि काही! त्यातला तो गुलाब तर, ज्याच्यावर दोन चिमण्या बसल्यात आणि खाली वाफाळता कप आहे, एकशे नऊ वेळा. मी एकेक पुसत होतो, तेवढ्यात टिंग करून तोच गुलाब एकशेदहाव्यांदा आला. वैतागून म्हटलं, निदान हा आवाज तरी बंद करू.

आता मला सांग, किल्ली उलटी घातली तर कुलपात जाते का? जात नाही. बिचारं कुलूप तुम्हाला चूक करूच देत नाही. आणि या शहाण्यांनी ‘आवाज बंद’ आणि ‘घर सोडून जा’ एकाच पडद्यावर आणून ठेवलंय! दिव्याच्या बटणाशेजारी भिंत पाडायचं बटण कोणी बसवतं का? फोनने ‘नक्की का?’ असं विचारलं, हे खरं. पण तो दिवसातून पन्नास वेळा नक्की का, नक्की का करतो, म्हणून एक्कावन्नाव्या वेळी मी न वाचताच हो म्हणालो. झालं. चाळीस माणसांच्या घरातून मी एका बोटाने बाहेर.

मग कोपऱ्यावरच्या मोबाईलवाल्याकडे गेलो. त्याने फोन हातात घेतला, डॉक्टर घेतात तसा दीर्घ श्वास घेतला, आणि म्हणाला, काका, सगळं उडवून नव्याने चालू करू. उडवलं. मग फोन पासवर्ड विचारू लागला. तो भाचीने ठेवलेला, मला काय ठाऊक? मग फोन म्हणाला, तुम्ही यंत्र नाही हे सिद्ध करा, सायकली असलेल्या चित्रांवर बोट ठेवा. ठेवलं. पटलं नाही त्याला. एका चित्रात नुसतं चाकच होतं, ती सायकल धरायची की नाही यावर मी आणि मोबाईलवाला पाव तास भांडलो. शेवटी भाचीने फोनवरून सगळं जुळवून दिलं, आणि वर म्हणाली, मामा, ग्रुप आईने काढलाय, आत घ्यायचं ते तीच घेणार.

तेव्हा आता फोन चालू आहे. जुनी फुलं सगळी गेली. जागाच जागा झालीय. दमलो बघ मी या सगळ्याला. बाकी सर्व ठीक.

तुझा,
खटपट्या

ता. क. : मला ग्रुपमध्ये परत घेतेस का? विचारतोय आपलं.

ता. क. २ : ग्रुप राहू दे. चाळीस जणांचे वाढदिवस आणि धाकट्या भावोजींच्या कविता यांच्यावाचून माझं काही अडलेलं नाही. (हे त्यांना सांगू नकोस.) तुझं फूल तेवढं मला वेगळं पाठव.

ता. क. ३ : खरं सांगू? वर्षातून एकदोनदा मला असा फोन येतो की शेजारच्या आजी दोन दिवस दार उघडत नाहीत, जरा येता का. जातो. कुलूप दोन मिनिटांत उघडतं, पण दार ढकलायला माझा हात होत नाही. तू एकटी राहतेस. भाचीशी तुझं बोलणं होतं रविवारी, म्हणजे मला कळतं तेही रविवारचंच. बाकीचे सहा दिवस सव्वासहाचं फूल आलं की मी म्हणायचो, उठली अक्का, आणि चहा टाकायचो. तुझ्या दाराचं कुलूप मीच बसवलंय, दुसरी किल्ली माझ्याकडे आहे. आज सतरा दिवस झाले, रोज सकाळी ती किल्ली खिशात घालून, चपला घालून खुर्चीत बसतो. सात वाजतात, कोणाचा फोन येत नाही, मग उगाच चपला काढतो. भीती वाटते गं.

गुलाबच पाठव. चिमण्यांचा.