बिरजोचे पिवळे कार्ड

प्रिय जैनी,

आठवडी बाजारात तुझा निरोप मिळाला. बिरजो गेली, तिच्या जागी धाकट्या मैनीला पाठवतेस, म्हणजे पोराला आई मिळेल आणि आपला रिवाजही राहील, असे तू म्हणतेस. तुझी वहिनी ऐकून रडली. मला मात्र अन्न जाईना. पोर बरे आहे, शेळीचे दूध पचते, आशाताई दर दोन दिवसांनी वजन करते. तू काळजी करू नकोस. काळजी करायला मी आहे, तेवढेच एक काम मला जमते.

पावसात आमच्या पाड्याची बोअरिंग बंद पडली. सगळे नाल्याचे पाणी प्यायलो, जिथे वरच्या अंगाला डुकरे लोळतात आणि माणसेही बसतात. पाच घरांत कावीळ झाली. बिरजोला सातवा महिना होता. वहिनी म्हणाली, "हिचे डोळे बघा, हळद लावल्यासारखे झालेत." मी म्हणालो, "लहानपणापासून तसेच आहेत. तू भात वाढ." बिरजो मला म्हणाली, "मामा, पाणीसुद्धा कडू लागते." तिलाही मी म्हणालो, पोटुशीला असे होतेच. तुझी पोर गरीब, तेच पाणी पीत राहिली.

आशाताईने मोठ्या दवाखान्यात न्या म्हणून दोनदा सांगितले. मी कावीळ धुणाऱ्या लालसूला बोलावले. त्याने पितळी ताटात चुन्याचे पाणी घेतले, तिचे हात चोळून धुतले, पाणी पिवळे झाले. "निघाली बघा," तो म्हणाला. मी त्याला कोंबडा दिला. तीन दिवस तसेच गेले. चौथ्या दिवशी ती माझ्या मनकूला ओळखेना. नवऱ्याला ओळखेना, जैनी.

परवा लालसूच्या अंगणात आंब्याची साल कुटून वाळत घातलेली दिसली. चिमूटभर आणली, हातांना चोळली आणि हात चुन्याच्या पाण्यात बुडवले. माझ्या धडधाकट हातांतून तेच पिवळे पाणी निघाले. लालसूची किळस आली म्हणू, तर तो असाच पोट भरतो, सगळ्या पाड्याला ठाऊक आहे. किळस आली ती माझ्याच त्या हातांची.

कारण शेवटी तिला दवाखान्यात नेले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पहिले विचारले, हिला सिकलसेल आहे का? मनकू म्हणाला, नाही. त्याला कुठे माहीत होते? बिरजोचे सांधे धरायचे तेव्हाही मी त्याला सांगायचो, नवी आहे, कामाची सवय नाही. मी दाराशी उभा होतो. त्या दोघांकडे बघत राहिलो. पोर बाहेर आल्यावर, रक्त थांबेना तेव्हा, माझे तोंड उघडले. बाई माझ्याकडे बघून एवढेच म्हणाल्या, "आजोबा, हे आता सांगता?"

लग्नात तू बिरजोचे ते सिकलसेलचे पिवळे कार्ड माझ्या हातात दिलेस आणि दोनदा म्हणालीस, "दादा, दवाखान्यात गेली की हे पहिले दाखव." मी ते कौलाखाली खोचले. तू या घरातून गेलीस, तुझी लेक या घरात आली, दूध परत आले म्हणून सगळा पाडा नाचत होता. त्यात आजाराचा कागद कुठे काढू, असे वाटले. पुढे तिचे डोळे पिवळे झाले तेव्हा मला ते कार्डच आठवले, आणि वाटले, हा तर जुनाच पिवळेपणा. दोन आजार एकाच रंगाचे असतील हे माझ्या डोक्यात आले नाही.

मंगळवारी मनकूचे कार्ड आले. अर्धे पिवळे, अर्धे पांढरे, म्हणजे त्याला आजार नाही, पण रक्तातून पोरांना जाऊ शकतो. मैनीचेही तसेच आहे, हे तूच सांगितले होतेस. आशाताई म्हणते, अशा दोघांच्या पोरांत पुन्हा बिरजो जन्मू शकते. म्हणून मैनीला पाठवू नकोस. रिवाज मोडल्याचा दंड पंचांनी मागितला तर मी भरीन. ती सातवी शिकली आहे, हे पत्र तिलाच मोठ्याने वाचायला सांग, तिच्या वडिलांसमोर. नंतर मला जे म्हणायचे ते म्हणा. बिरजोचे कार्ड सोबत ठेवले आहे. अजून कोरे करकरीत आहे, एकदाही कोणाला दाखवलेले नाही.

तुझाच,
दादा