तलावाकाठचं घर आणि तुझे गुडघे

आर्वी,
मृगाच्या तोंडावर

प्रिय कौशल्या,

पाकीट बघून तू म्हणशील, देवकाला फोन करायला काय झालं होतं. फोन करता आला असता. पण तुमच्याकडे फोन उचलला की तुझी सून दिपाली तो स्पीकरवर टाकते, आणि मग मी बोलते तुझ्याशी आणि ऐकतं सगळं घर. हे मला तुझ्या एकटीशी बोलायचं आहे. म्हणून कागद घेतला. माझं अक्षर तुला ठाऊक आहे, दुकानातल्या पुड्यांचे कागद वाचून वाचून शिकलेल्या बाईचं. वेलांट्या चुकतील, तेवढ्या सुधारून घे.

इकडे ऊन मी म्हणतंय. यंदा कुरडया तुझ्याशिवाय घातल्या. चीक घोटायला दोघी लागतात हे तुला काय सांगू. शेजारची नवी सून हाताशी घेतली, पण तिचा एक डोळा पातेल्यात आणि एक मोबाइलमध्ये. चीक बुडाला लागला. तुझ्या वाटच्या कुरडया दरवर्षीसारख्या वेगळ्या डब्यात भरल्या, झाकण लावलं, आणि संध्याकाळी पुन्हा काढून माझ्या डब्यात ओतल्या. असं मी आजवर कधी केलं नव्हतं.

आपलं ते घराचं वेड कुठून सुरू झालं, आठवतं ना? तुझं मुतखड्याचं ऑपरेशन झालं तेव्हा वर्ध्याच्या दवाखान्यात मी तुझ्या उशाशी बसले होते. तुझ्या मुलाला, प्रफुलला, रजा नव्हती, दिपालीच्या पोरांची परीक्षा होती. खिडकीतून एक पाण्याची टाकी तेवढी दिसायची. तू म्हणालीस, जन्मात कधी सुट्टी घेतली नाही आपण, देवका. खरंच होतं ते. तुझी जिंदगी शेतात आणि माझी दुकानाच्या गल्ल्यामागं. आमचं दुकान पोळ्याला तेवढं बंद, तेही अर्धा दिवस; तरी लोक मागच्या दारानं यायचे, काकू, पावशेर गूळ द्या. मी म्हटलं, एक घर घेऊ दोघी मिळून. खेड्यात, पाण्याच्या काठी. उन्हाळ्यात पोरं-नातवंडं येतील, बाकी वेळ आपण दोघी पाण्यात पाय सोडून बसू, आणि साखर काय भाव म्हणून कोणी विचारणार नाही. तू टाक्यांवर हात ठेवून हसलीस. हसू नको म्हणून नर्स रागावली होती.

मग काय, आपल्याला नुसता चाळा लागला. अर्ध्या तिकिटात एसटीनं जिल्हा पालथा घातला. रोहण्याकडचं ते घर आठवतं? फोनवर दलाल म्हणाला, मावशी, लेक व्ह्यू आहे. जाऊन बघतो तर शेततळं, त्यात काळं प्लास्टिक अंथरलेलं आणि एक बेडूक. तू त्या दलालाला म्हणालीस, भाऊ, व्ह्यू तर दिसला, लेक कुठं गेला? तो बिचारा नंतर आपले फोनच उचलेना. दुसरीकडे दाराशी सिमेंटचे दोन सिंह होते आणि आत संडासाला दार नव्हतं.

डॉक्टरांनी तुला बजावलं होतं, जड पाणी पिऊ नका, पुन्हा खडे होतील. म्हणून डाळीची युक्ती मी काढली. माझी सासू म्हणायची, पाणी कसं आहे ते तुरीची डाळ सांगते. गोड्या पाण्यात फुलासारखी उमलते, जड पाण्यात दगडासारखी बसून राहते. तेव्हापासून आपल्या पिशवीत मूठभर डाळ आणि लहान पातेलं. घरवाले भिंती दाखवायचे, आपण चूल मागायचो. लोक हसले. हसू दे म्हटलं, पाणी प्यायचं आहे, भिंती चाटायच्या नाहीत.

आणि मग संक्रांत झाल्यावर सेलूकडचं ते घर. त्याचं मी काय लिहू. रस्त्यावरून दगडी पायऱ्यांनी खाली उतरायचं, की एकदम ओसरी, आणि ओसरीच्या पुढं पाणीच पाणी. तलाव असा भरलेला की अंगणात पाहुणा येऊन बसावा. राखणीवरच्या रुख्माबाईनं चूल पेटवून दिली, घागरीतून पाणी ओतून दिलं, आणि आपली डाळ बघता बघता एकजीव झाली. मी तुझ्याकडे पाहिलं. तू ओसरीच्या खांबाला टेकून पाण्याकडे बघत होतीस, आणि तुझ्या तोंडावर जे होतं ते मी तुझ्या लग्नातही पाहिलं नव्हतं. मनात म्हटलं, झालं. हेच आपलं घर.

परतीच्या बसमध्ये तू म्हणालीस, "मले नाई जमनार त्या पायऱ्या, देवका. गुडघे बोलून राह्यले. सोडून दे, दुसरं पाहू."

मला वाईट वाटलं, पण तुझ्या गुडघ्यांवर माझा काय जोर? सोडून दिलं. मालकालाही मीच फोन करून सांगितलं, आमच्या मैत्रिणीला पायऱ्या जमत नाहीत, आमची आशा धरू नका. तो तेव्हा घाईत होता, बरं बरं म्हणाला.

होळीला तू आर्वीला आलीस, लग्न होतं म्हणून, आणि माझ्याकडेच उतरलीस. भरल्या वांग्यांची भाजी केली होती, तुला आवडते तशी. जेवताना तूच विचारलंस, आणखी कुठं घर पाहिलं का गं? मी म्हटलं, तू नसताना कसं पाहू. तर म्हणालीस, पाहत राहा, माझ्यासाठी थांबू नको. मग दुपारी गुडघे धरून बसलीस. मी परसातला निर्गुडीचा पाला तव्यावर शेकला, तुझ्या दोन्ही गुडघ्यांना बांधला, वरून जुनं लुगडं फाडून गुंडाळलं. तू बांधू दिलंस. डोळे मिटून म्हणालीस, आराम पडला.

कौशल्या, तो पाला बांधू दिलास, तिथंच माझं मन अजून अडकलं आहे.

तू गेल्यावर मला एक कल्पना सुचली. पायऱ्या नको तर पायऱ्या काढू. बाजूनं उतार करता येईल, कठडा लावता येईल, तू हात धरून ओसरीपर्यंत जाशील. तुला सांगितलं नाही; म्हटलं, आधी पक्कं होऊ दे, मग एकदम सांगू. आमच्या दुकानाचा ओटा ज्यानं बांधला तो तानबा मिस्त्री आता म्हातारा झाला, पण त्याची नजर अजून ओळंब्यासारखी आहे. त्याला घेऊन मी वैशाखात तिकडे गेले. कोणाला कळवलं नाही. दोन एसट्या बदलून, डोक्याला पंचा बांधून.

घराशी कोणीच नव्हतं, रुख्माबाई शेळ्यांमागं गेली होती. तलाव तर घरावर रुसून लांब जाऊन बसलेला. मधे सगळी भेगाळलेली माती. तरी मला घर आवडलंच. तानबा फीत काढून मोजायला लागला. त्याच्या पोटात काही पडावं म्हणून मी अंगणातल्या बोअरच्या नळाचं पाणी घेऊन डाळ चढवली. तेवढ्यात रुख्माबाई आली. मिस्त्री काऊन मोजून राह्यला, म्हणून विचारलं. मी मोठ्या कौतुकानं सांगितलं, आमच्या कौशल्याबाईंचे गुडघे दुखतात, त्यांच्यासाठी उतार करायचा आहे, घर पुन्हा बोलणीला घेतो.

तिनं हातातली काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाली, "काकू, त्या बाईच्या पोरानं तं शिवरात्रीच्या आधीच इसार देल्ला. तुमाले मालूम नाई? त्याबी आल्या होत्या संग. सरसर उतरल्या पायऱ्या."

शिवरात्रीच्या आधी. म्हणजे होळीच्याही आधी, कौशल्या.

तानबानं फीत गुंडाळली. म्हणाला, चला काकू, बसची वेळ झाली. बसची वेळ कुठं झाली होती, आम्ही फाट्यावर बाभळीखाली किती तरी वेळ बसून होतो. त्यानं एकदाही माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. माणूस शहाणा आहे.

मी तेव्हापासून तुझ्या बाजूनंच विचार करून पाहिला, सवय आहे म्हणून. प्रफुल म्हणाला असेल, दोघींच्या नावानं घर म्हणजे पुढं पोरांत भांडणं. दिपाली म्हणाली असेल, साझे की हंडी चौराहे पर फूटती है. तिला बोलता बोलता हिंदी आठवतं. त्यांचं चूक नाही. तू मुलाच्या घरी राहतेस, तुझा पाय त्याच्या दारात बांधलेला. हे मला कळत नाही असं नाही. तू माझ्या ओट्यावर येऊन म्हणाली असतीस, देवका, पोरं ऐकत नाहीत, घर ते घेतात, तू पाहुणी म्हणून ये. तर मी रडले असते, तुला दोन शिव्या घातल्या असत्या, आणि दुसऱ्या दिवशी तुझ्या वास्तूसाठी पापड लाटायला बसले असते. घर काय, माझ्या कपाळी नव्हतं म्हटलं असतं. पण तू गुडघे पुढं केलेस. माझ्यासोबत पायऱ्या जड आणि मुलासोबत हलक्या. वर माझ्याच तोंडून मालकाला नाही म्हणवलंस. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. आणि जे घर आपण दोघींनी शोधलं, ज्याच्या चुलीवर मी डाळ शिजवली, त्या घराच्या वाटेवरून मला आंधळीसारखं दुसरीकडे पाठवलंस, पाहत राहा म्हणून.

तुझं वास्तूचं आमंत्रण येईल तेव्हा येईल. मी येणार नाही. लोकांपुढं उगीच तमाशा नको, म्हणून आत्ताच सांगून ठेवते. मधे तुझे दोन फोन आले, मी उचलले नाहीत. झोपले होते असं समजू नकोस.

खरं तर मी हे पत्र लिहिणारच नव्हते. बसमध्ये ठरवलं होतं, गप्प राहायचं, जिचं तिनं निस्तरावं. तशी गप्प राहिलेही. पण काल रुख्माबाईचा फोन आला, शेळी व्याली ते सांगायला, आणि बोलता बोलता म्हणाली, पाऊस लागायच्या आधी रजिस्ट्री आहे. मग मला रात्री अन्न गेलं नाही. तानबासोबत गेले त्या दिवशीची डाळ शिजली नव्हती, कौशल्या. निखारे संपले, आम्ही उठलो, तरी दाणा न् दाणा वेगळा, बोटांत दाबला तर टणक. रुख्माबाईनंच मग सांगितलं, "हे बोअरचं पानी आमी ढोरायलेबी नाई पाजत. तवा मालकानं गावातून कॅनचं पानी आनून घागरीत भराले सांगतलं होतं, डाळवाल्या बाया येनार म्हनून." आपण फोन करून, वर्दी देऊन जायचो ना, दोघी शहाण्या. त्या वस्तीत दर दोन घरांआड एकाला खडे आहेत म्हणे. आणि कॅनचं पाणी तुला मचूळ लागतं, तू लपून नळाचंच पिशील, मी तुला काय ओळखत नाही? पुन्हा तो दवाखाना, पुन्हा ते टाके, आणि या वेळी उशाशी कोण बसणार ते मला ठाऊक नाही. तेव्हा सही करायच्या आधी न सांगता तिकडे जा, आपल्या हातानं नळ सोड, आणि डाळ लाव. मग काय ते ठरव. हे मी स्पीड पोस्टानं पाठवते आहे, तुझ्याच नावावर. मात्र प्रफुल-दिपालीला माझं नाव सांगू नकोस. देवकाकाकू जळून बोलते असं म्हणतील आणि ऐकणार नाहीत. तूच गेलीस, तूच पाहिलंस, तुलाच कळलं, असं सांग. एवढं एक खोटं माझ्यासाठी बोल. तुला जमतं ते.

तुझीच,
देवका