‘लोहे की लगाम’मधली उडी

पडेगाव,
१४ जानेवारी १९८७

ती. रूपाआक्कास,
सविनय जयभीम. वि. वि.

इकडं सगळं ठीक आहे असं लिहून पत्र सुरू करायची आपली रीत, पण ह्या खेपेला हात तसं लिहायला तयार नाय. माझा डावा पाय मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टरमध्ये आहे. बांधकामावर शिडी सरकली, असा निरोप मी मायला धाडलाय. तो खोटा आहे. खरं तुला एकटीला सांगतो.

डिसेंबरात आमच्या पुढच्या दगडाच्या खाणीत मुंबईच्या हिंदी पिक्चरचं शूटिंग होतं. ‘लोहे की लगाम’ नाव. हिरोच्या जागी उड्या मारणारा त्यांचा माणूस तापानं पडला. फाईट मास्टर चहाच्या टपरीवर आला आणि उंचीला कोण भीत नाय म्हणून विचारायला लागला. मी सेंट्रिंगच्या कामावर तिसऱ्या मजल्याच्या बांबूवरून चालणारा माणूस, मी हात वर केला. त्यांनी मला हिरोचा लाल शर्ट घातला. खाणीच्या कडेवरून खाली पुठ्ठ्याच्या खोक्यांवर पडायचं. पहिली उडी झकास झाली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग मास्टर म्हणाले, आणखी वरून एक होऊन जाऊ दे. दुसरीत पाय गेला.

पण आक्का, रागावू नको. मास्टर स्वतः दवाखान्यात आले होते. पिक्चर चालला की तुला मुंबईला बोलावतो, असा शब्द त्यांनी दिलाय. बुद्धभूषण हे नाव मात्र त्यांना लांब वाटतं, सगळे राजू म्हणत होते.

माय तुझ्याजवळच राहती, तिला ह्यातलं काही कळू देऊ नको. दाजींना जयभीम सांग. माया पातळ होऊ देऊ नको.

तुझा,
भूषण

---

पाचोड,
३ फेब्रुवारी १९८७

चि. भूषण यास,
अनेक आशीर्वाद व जयभीम. पत्रास कारण की, तुझं पत्र मिळालं.

तुला लहानपणी विहिरीच्या काठावरून ओढून आणायचं काम माझंच होतं. आता लग्न होऊन बारा वर्षं झाली तरी सुटलं नाय म्हणायचं. मुंबईचे लोक आले, विचारलं, आणि लगेच हात वर? त्या मुंबईवाल्यांनी त्यांचा हिरो का नाय ढकलला खाली? शर्ट तर त्याचाच होता म्हणतोस.

मायला मी काही बोलले नाय. पण ती रोज विचारती. शिडी कशी सरकली, खालून धरायला कुणी नव्हतं का, मुकादम काय म्हणाला. मी एका खोट्यावर दुसरं रचती. परवा मुकादमाला मी जालन्याचा केला, काल तिनं विचारलं तर पैठणचा केला.

इथं नालाबंडिंगच्या दुष्काळी कामावर मी आणि तुझे दाजी माती उचलायला जातो. टँकर एक दिवसाआड येतो. मोसंबीच्या बागा लोक मुळापासून तोडायला लागलेत, सरपण तेवढं चिक्कार झालंय. माय टँकरच्या रांगेत आपली घागर ठेवून येती आणि तिथंही लोकांना सांगती, माझा पोरगा शिडीवरून पडला, म्हणून शिडीला खालून धरत जा.

डॉक्टर सांगतील तसं वाग. पिक्चरचं डोक्यातून काढ. पाय बरा झाल्याचं कळव, तोवर जीव टांगलेला आहे.

तुझी,
आक्का

---

पडेगाव,
९ मे १९८७

ती. आक्कास,
स. जयभीम. वि. वि.

पिक्चर आला आणि गेलासुद्धा.

शहरात गुलमंडीजवळच्या टॉकीजला शुक्रवारी लागला. मी काठी टेकत पहिल्या खेळाला गेलो. सुरुवातीला नावं आली तेव्हा डोळे ताणून बघत होतो. घोड्यांच्या मालकाचं नाव होतं, जेवण पुरवणाऱ्याचं होतं. माझं नव्हतं, राजूचंही नव्हतं. पण उडी आली, आणि आक्का, पडद्यावर ती लई मोठी दिसती गं. ते पडणं माझ्याच्यानं बघवलं नाय आणि नजरही काढवली नाय. बाजूचा माणूस मात्र शेंगा सोलत होता.

शुक्रवारी निम्मं थेटर होतं. सोमवारी मोजून अकरा माणसं, त्यातला एक मी, तिसऱ्यांदा आलेला. गेटवाल्याला विचारलं तर म्हणाला, लोक सकाळी पाण्याच्या मागं, दुपारी उन्हाच्या भीतीनं घरात, वर पिक्चर असला भंगार, कोण येणार? गुरुवारी त्याच्या पोस्टरवर दुसऱ्याचं पोस्टर चिकटवून टाकलं. सहा दिवस. मुंबईतही तेच झालं म्हणतात. पाच महिने मी ज्याची वाट बघत बसलो ते सहा दिवसांत आटोपलं. मास्टरांना दोन पत्रं टाकली, उत्तर नाय.

पायाचं सांगायचं तर हाड वाकडं जुळलंय. डॉक्टर म्हणतात, पुन्हा मोडून सळई घालून बसवावं लागेल, म्हणजे नीट चालता येईल. पण नंतर उडी कायमची बंद. मी नको म्हणून सांगितलं. मास्टरांनी उद्या बोलावलं तर काय तोंड दाखवू? तू म्हणशील कोण बोलावतंय. मलाही तसंच वाटतं, आणि तरी पोस्टमन दिसला की मी उठून उभा राहतो. सगळा संताप पायात उतरल्यासारखा ठणका मारतो.

मायला पिक्चर कळला नाय हे एक बरं झालं. तुझी मर्जी राहू दे.

तुझा,
भूषण

---

पाचोड,
२० जुलै १९८७

चि. भूषण यास,
अनेक आशीर्वाद. पत्रास कारण वाईट आहे, नीट बसून वाच.

आषाढ संपत आला तरी पेरणी नाय. लोकांच्या हाताला काम नाय, म्हणून बाजाराच्या दिवशी व्हिडिओवाल्याकडं गर्दी. जीपमध्ये रंगीत टीव्ही आणि जनरेटर घालून तो गावोगाव फिरतो, ताडपत्रीच्या आड खेळ लावतो. महिनाभर झाला, त्याच्याकडं एकाच पिक्चरची मागणी आहे. तुझाच, ‘लोहे की लगाम’. तिकडं टॉकीजला अकरा माणसं बसत होती, इथं ताडपत्री फाटायची वेळ आली. तीनशे माणूस. कॅसेट घासून पांढरे पट्टे यायला लागले तरी लोकांना तेच पाहिजे. शेजारच्या साळूबाई आपल्या लेकींना घेऊन निघाल्या आणि मायलाही ओढून नेलं. मी कामावर होते. कळल्यावर धावत गेले, तोवर खेळ अर्ध्यावर आला होता.

ती उडी आली. तोंड दिसत नाय, नुसती पाठ आणि लाल शर्ट. पण व्हिडिओचं टॉकीजसारखं नसतं रे. लोक ओरडले, पुन्हा लाव. त्यानं कॅसेट मागं घेतली. तू खालून वर गेलास आणि पुन्हा पडलास. लोक हसले. पुन्हा लाव. पुन्हा पडलास. पाय खाली मुडपतो ते दिसतं त्यात, भूषण. आपटल्यावर तुझी मान हिसडा खाती. चौथ्यांदा माय उठली. मला वाटलं घरी निघाली. ती माणसांतून वाट काढत पुढं गेली आणि टीव्हीच्या पुढं पदर पसरून उभी राहिली. व्हिडिओवाला म्हणाला, मावशी, बाजूला व्हा. माय म्हणाली, बंद कर. तो माझा पोरगा आहे, त्याला किती डाव पाडतो?

कुणी खरं मानलं नाय. कुणीतरी म्हणालं, म्हातारीला ऊन लागलंय. हिरो स्वतः उडी मारतो असं मासिकात छापून आलंय, असंही एक जण सांगायला लागला. मग मी पुढं गेले आणि मोठ्यानं सांगितलं, व्हय, तो माझा भाऊ आहे, बुद्धभूषण कडुबा दाभाडे, आणि त्याचा पाय तिथंच मोडलाय. माय माझ्याकडं वळली. तिनं विचारलं, तुला ठाऊक होतं? मी व्हय म्हणाले. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाय, भूषण. पाच दिवस झाले. भाकरी करती, माझ्या पोरांना वाढती, आणि माझ्यासमोर ताट सरकवून निघून जाती.

आज सकाळी तिनं पिशवी भरली. उद्याच्या एस.टी.नं ती तुझ्याकडं येतीय. हे पत्र आधी पोचतं की ती, माहीत नाय. मला खोटं बोलायला लावलंस त्याचा राग मी अजून धरून आहे, पण तो नंतर. आधी तिला सांभाळ.

तुझी,
आक्का

---

पडेगाव,
३० ऑगस्ट १९८७

ती. आक्कास,
स. जयभीम. वि. वि.

मायच आधी पोचली. तुझं पत्र दोन दिवसांनी आलं.

तिनं आल्या आल्या माझी पँट गुडघ्यापर्यंत वर करायला लावली. वाकडं हाड बोटानं चाचपून पाहिलं. रडली नाय, ओरडली नाय. नुसतं विचारलं की दुखतं कधी, पहाटे का चालल्यावर. मग पाणी तापवायला बसली. तिचं हे न बोलणं काय असतं ते तुला सांगायला नको.

आता ऐक. गेल्या आठवड्यात मास्टरांचा माणूस जीप घेऊन दारात आला. टॉकीजला आपटलेला पिक्चर कॅसेटवर एवढा चालला, की कंपनी दुसरा भाग काढतीय, आणि लोकांना खाणीतली तीच उडी पाहिजे म्हणे. राजू कुठं राहतो, असं तो विचारत होता. मायनं सांगितलं, इथं राजू नावाचं कुणी नाय. मी आतून धडपडत बाहेर आलो. माझं तोंड कसं झालं असेल बघ. आठ महिने ज्याची वाट बघितली ते दारात, आणि मी काठीवर.

माय नको जाऊ म्हणाली नाय. म्हणाली, जा, पण मी पण येते.

खाणीवर मास्टरांनी मला दगडाच्या चार पायऱ्या चढून दाखवायला सांगितलं. मी काठी खाली ठेवली. दात खाऊन दोन चढलो, तिसरीला पाय दुमडला. मास्टर माझ्याकडं न बघता माणसाला म्हणाले, मुंबईला फोन लाव, दुसरा माणूस मागव. मी म्हणालो, निदान पहिल्या पिक्चरमधल्या उडीला माझं नाव तरी घाला, औषधपाण्याचं तरी बघा. ते म्हणाले, कॅसेटवर नावं कोण वाचतं, औषधाचं पुढं बघू. एवढं बोलून जेवायला गेले. आक्का, मला तेव्हा हातात येईल तो दगड फेकावासा वाटला. सगळीकडं तो पिक्चर चालू आहे, पानवाला, न्हावी, बांधकामावरचे गवंडी, सगळे त्या उडीचं बोलतात, आणि मी माझी म्हटलं की हसतात.

परत येताना, खाणीत रचलेले खोके बघून आलेल्या मायनं विचारलं, तुझ्या वेळी खोके कमी होते का? मी थांबलो. हे मी तुलाही सांगितलेलं नाय. दुसऱ्या उडीच्या आधी खोक्यांचा खालचा थर त्यांनी दुसऱ्या कामाला नेला होता. मी वरून बघितलं होतं ते. पण बोललो नाय. घाबरला म्हणतील, दुसऱ्याला घेतील, म्हणून. मायला सांगितलं. ती रस्त्याच्या कडेला बसली. म्हणाली, तू मला सांगत नाय, तू त्यांनाही सांगितलं नाय. मग सांगतो तरी कुणाला?

उद्या सकाळी आम्ही सरकारी दवाखान्यात जातोय. पाय पुन्हा मोडून घेणार. तुला खोट्यात ओढलं त्याची माफी मागतो, ती समक्ष मागेन. राग असला तरी पत्र टाक.

तुझा,
भूषण

---

सरकारी दवाखाना, वॉर्ड नं. ९,
१७ सप्टेंबर १९८७

ती. आक्कास,
स. जयभीम. वि. वि.

दवाखान्याच्या कागदाच्या पाठीवर लिहितोय, त्याचं कारण खाली सांगतो.

ऑपरेशन झालं. सळई बसली. तीन महिने पडून राहायचं, मग चालता येईल, उडी संपली. बांधकामाचा ठेकेदार कालच येऊन गेला. बरा झालो की हजेरी लिहायच्या कामावर घेतो म्हणाला. मला ते ऐकून आनंद झाला असं लिहिलं तर तुला खोटं वाटेल, आणि आता खोटं लिहायचं नाय. मनातून अजून आग जात नाय. कंपनीकडून एक शब्द आलेला नाय, येणारही नाय. वॉर्डबॉय परवा ती उडी हातवारे करून दाखवत होता. मी कूस बदलली.

पण एक झालं. सोमवारी मला भेटायला एक माणूस आला. तिशी-पस्तिशीचा, यासीन नाव, मूळचा जालन्याचा. मुंबईहून मागवलेला माणूस तो हाच. बुधवारी त्याची उडी होती. खाणीवर कुणीतरी त्याला माझं सांगितलं, म्हणून विचारायला आला की जागा कशी आहे. मी सगळं सांगितलं. कड भुसभुशीत आहे, उजवीकडून पळत ये, आणि वर चढल्यावर खाली बघ. खोके कमी दिसले तर उतर, कोण काय म्हणतं ते ऐकू नको. तो लक्ष देऊन ऐकत होता. माय उशाशी बसली होती. तिनं त्याला एकच विचारलं, तुझ्या आईला ठाऊक आहे का?

तो हसला, मग हसायचा थांबला. त्याच्या अम्मीला वाटतं तो मुंबईत कापडाच्या दुकानात आहे. नऊ वर्षं झाली म्हणाला.

मायनं माझ्या उशाखालचं कोरं अंतर्देशीय पत्र काढलं, तुझ्यासाठी आणून ठेवलेलं, आणि त्याच्यापुढं धरलं. त्याला लिहिता नीट येत नाय, म्हणून तो सांगत गेला आणि मी हिंदीत लिहीत गेलो. चार ओळी झाल्या. दुकान नाय, पिक्चरमध्ये उड्या मारतो, तब्येत बरी आहे, खोके मोजून घेईन. पुढं त्याला काही सुचेना. तेव्हा माय म्हणाली, लिही, पडायच्या आधी कळवतोय.

काल संध्याकाळी तो धुळीनं भरलेल्या शर्टात दारात उभा राहिला. त्यानं थर कमी बघितला, खाली उतरला, दोन तास भांडला, आणि पूर्ण थर लागल्यावर उडी मारली. कोपर तेवढं खरचटलंय. मायनं त्याला बसवून त्याच्या कोपराला हळद लावली.

माय तुझी आठवण काढती. पुढचं पत्र तीच सांगणार आहे, मी फक्त लिहिणार. तिच्याशी भांडायला तयार राहा, म्हणजे सगळं पहिल्यासारखं होईल. पोरांना पापा. दाजींना जयभीम. माझ्यावरचा राग फिटला की कळव, आणि नाय फिटला तरी कळव.

तुझा भाऊ,
बुद्धभूषण कडुबा दाभाडे