पंपातली हवा

बाडहूव्हडॉर्प, नेदरलँड्स, १८ नोव्हेंबर

ती. बाबांना मृदुलाचा नमस्कार.

आम्ही दोघं ठीक आहोत. थंडी पडली आहे, पण घर गरम असतं. आईचा गुडघा कसा आहे?

तुम्ही जन्मभर लोकांच्या विहिरींवर पंप बसवलेत, म्हणून तुम्हालाच विचारते. निहार घरी बिअर बनवतो. इथे बरेच जण बनवतात, वाईट वाटून घेऊ नका. पातेल्यातलं गरम पाणी धान्यावरून फिरवायला त्याने छोटा पंप आणला. तो नुसता घुरघुरायचा, पाणी ओढायचाच नाही. दोन दिवस निहारने खटपट केली, मग अंथरूणच धरलं.

शेवटी मी बघितलं. पंप पातेल्याच्याही वर, फळीवर ठेवलेला! तुम्ही म्हणायचात, "आधी हवा काढ, मग पंपाला नावं ठेव." मी पंप खाली जमिनीवर ठेवला, नळी भरून हवा काढली आणि धार लागली. निहार कितीतरी दिवसांनी हसला. मलाही तेव्हा बरंच वाटलं.

त्याची नोकरी सप्टेंबरमध्येच गेली, हे तुम्हाला कळवलं नव्हतं. डिसेंबरपर्यंत दुसरी मिळाली नाही तर इथे राहायचा परवाना संपेल. तो अर्ज करत नाही. दर आठवड्याला नवी बिअर लावतो आणि आधीची एकटाच संपवतो. मी कामावरून आले की जिन्यातच पंपाचा आवाज येतो.

आईला हे वाचून दाखवू नका. मला फक्त एवढं कळवा, चांगला चालणारा पंप निहारला कळू न देता कायमचा बंद कसा पाडायचा?

तुमची,
मृदुला