घोंगडीआडून पाहिलेला सिनेमा

वांकिडी,
तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, १९९४

ती. सौ. दमयंतीताईस धाकट्या महिपतचा दंडवत.

तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला थांबला का? इकडे कपाशीला पाती धरली आहेत, बैल पुरणपोळ्या खाऊन सुस्त आहेत आणि मी परवापासून गावाच्या थट्टेचा विषय आहे. तू आदिलाबादहून नाचगाण्यांच्या त्या जुन्या सिनेमाची कॅसेट धाडलीस आणि लिहिलंस, की हा आजच्या पोरापोरींना, घरच्या सगळ्यांना दाखवण्याजोगा आहे का, ते पाहून कळव. (यामागे तुझी भाची, माझी लेक रुख्मिणी आहे, हे न कळण्याइतका मी भोळा नाही. तिला त्यातल्या गाण्यावर शाळेच्या कार्यक्रमात नाचायचंय आणि मी साफ नाही म्हटलं होतं.)

पोळ्याला पारावर टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणला. आजवर इथे फक्त देवादिकांचे सिनेमे लागले. त्यामुळे भजनी मंडळाच्या चंपतरावांनी सवयीने टीव्हीला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, लोकांनी चपला काढून हात जोडले आणि पडद्यावर कमरेला चमचमता पट्टा बांधलेला नायक गिटार घेऊन अवतरला. आता नारळ फुटल्यावर मधेच बंद कसं करणार? भजनी मंडळाने तोडगा काढला, की काही वावगं दिसलं तर टीव्हीपुढे घोंगडी धरायची. हे काम सर्वांत जास्त विरोध करणाऱ्याला, म्हणजे मला मिळालं.

पहिलं गाणं लागताच मी दोन्ही हातांनी घोंगडी पाठीमागे पसरून, तोंड टीव्हीकडे करून उभा राहिलो. वावगं काही येईना. (नायिकेच्या अंगावर आमच्या अख्ख्या भजनी मंडळापेक्षा जास्त कपडे होते.) गाणं मात्र असं झकास, की माझा पाय आपोआप ठेका धरू लागला. तेवढ्यात मथुराबाई, आपली शेजारीण, ओरडली, "काऊन झाकून राह्यला रे महिपत? चांगलं असन तं आमाले पाहू दे, वाईट असन तं तू काऊन पाहून राह्यला?"

अख्खा पार हसला, तरी मी हटलो नाही. पुढे त्या नायिकेचा बाप तिच्या गाण्याच्या विरोधात. शेवटी ती भरल्या सभागृहात गाते आणि हा गृहस्थ दारात पाठ फिरवून उभा! ताई, मला इतका राग आला, की मी मोठ्याने म्हणालो, "अबे, वळून पाह्य ना पोरीकडे!"

म्हणालो आणि मीच वळलो. समोरच रुख्मिणी बसली होती. तिला घोंगडीशिवाय काही दिसत नव्हतं, तरी गाण्याचा शब्दन् शब्द तिच्या ओठांवर होता. मला फार लाज वाटली आणि तिचं कौतुकही वाटलं. घोंगडी कधी खाली पडली ते कळलं नाही.

तेव्हा माझं मत कळवतो. सिनेमा जुना आहे, कपडे हास्यास्पद आहेत, पण पोरांना बेलाशक दाखवावा. आईबापांना तर हात धरून बसवून दाखवावा.

तुझा,
महिपत

ता. क. रुख्मिणी नाचणार आहे. चंदेरी कापड पाठव, बाह्यांना झालर निघेल इतकं.

पुन्हा ता. क. तसला चमचमता पट्टाही पाठव, पण माप दाजींच्या कमरेचं घे, माझीही तेवढीच आहे. नाचात शेवटी बाप वळून पोरीजवळ येतो आणि ते काम दुसऱ्या कुणाला द्यायला रुख्मिणी तयार नाही.