भिंतभर आई

तीर्थरूप आईस,
तुझ्या धाकटीचा वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. जेवते वेळेवर, म्हणजे बहुतेक वेळा. बाबांचा गुडघा काय म्हणतोय?

तू विचारलंस, मी नेमकं करते काय. गाण्याच्या कार्यक्रमात गायक-वादकांच्या मागच्या भिंतीवर तालासुरात चित्रं बदलत राहायची, हे माझं काम. तेही पत्त्यांच्या कॅटएवढ्या कॉम्प्युटरवर! बिचारा फार तापतो, म्हणून शेजारी छोटा पंखा लावते. त्याला बघून आधी सगळे हसले. सभागृहाच्या मॅनेजरने तर बजावलं, "हे खेळणं गडबडलं, तर पुन्हा येऊ नका."

आणि काल मी घाईत चुकीचं बटण दाबलं. समुद्राऐवजी भिंतभर तू आलीस, शिलाई मशीनवर! कॉम्प्युटर तपासायला मी नेहमी तुझाच व्हिडिओ लावते, तो आतच राहिला होता. मी तो बंद करायला हात पुढे केला. पण ड्रमवाल्याने तुझ्याकडे पाहिलं आणि तुझ्या पायाच्या लयीवर ठेका धरला. मग मीही तुला तिथून हलवलं नाही.

शेवटी अख्खं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं, मॅनेजरसुद्धा. आणि तू? मान वर न करता आपली शिवतच होतीस.

तुझीच,
धाकटी