बर्फावर अनवाणी

मुक्काम उत्तरकाशी,
आश्विन महिना

तीर्थरूप आयेस,

कुशाबाचा लांबनंच पायावर डोकं ठेवून नमस्कार. मी खुशाल हाय, जिवाला घोर लावून घेऊ नगंस.

पुण्याच्या साहेबलोकांचं वझं घेऊन बर्फाच्या नदीपातुर जाऊन आलो. चालून चालून लई दमलोय. वाटंत वस्ती न्हाई, झाड न्हाई, नुसते धोंडे. तुझ्या हातच्या नाचणीच्या भाकरीची लई सय आली.

ती नदी म्हंजे सुपात तांदूळ पसरावा तशी पांढरी. गंगामाईचं पाणी हितनंच निघतं म्हणत्यात. मग जोडे घालून पाय कसा ठेवू? आपण खळ्यातसुदीक वहाणा काढूनच जातो. साहेब पुढं गेले होते. मी जोडे गळ्यात अडकवले आन पार पलीकडं अनवाणी गेलो. तुला बरं वाटंल म्हणून सांगतोय. साहेब मातुर लई वरडले.

आता हितं दवाखान्यात हाय. पाय जरा सुजलेत, एवढंच. डाक्टर मायाळू हाय, निजायला खाट हाय, दूधबी मिळतं.

भात कापणीला आलं आसंल. कुणाला बोलावलंस? शेजारच्या गोजराच्या पोराचा खोकला थांबला का? गाय व्याली का?

आन एक. दिवाळीला माझ्यासाठी नव्या वहाणा करायला टाकणार होतीस, त्या टाकू नगंस. अंगठ्यात अडकवायच्या वहाणा आता माझ्या पायात कवाच ऱ्हायच्या न्हाईत.

लेकरावर माया आसू दे.

तुझा,
कुशाबा